गंगेचे दोन चमचे

"हे ठेव," निकम मास्तर म्हणाले आणि त्यांनी तांब्याचा गडू माझ्यापुढं धरला.

मी मागच्या पडवीत पेजेचं पातेलं खरवडत बसले होते. कोपरापर्यंत दोन्ही हात राखेनं भरलेले. मी हात पुढं केला नाही.

"काय हाय ह्यात?"

"गंगा. परवा काशीहून आमचे काका आले, त्यांनी आणली. तोंडाला कथलाचा डाख देऊन बंद केलेला आहे, अजून फोडलेला नाही." मास्तरांनी दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आईची वेळ आली असं वाटलं की दोन चमचे तोंडात घाल. वर तुळशीचं पान. मला निरोप मिळून मी शाळेतून येईपर्यंत उशीर झालेला असेल. आणि तुमच्या बाई घालू द्यायच्या नाहीत."

"न्हाईच देणार."

"म्हणून तर तुला सांगतोय, यमुना. तू आपल्यातली आहेस."

नवऱ्यानं टाकलेल्या बाईला शाळेतला मास्तर 'आपल्यातली' म्हणतो म्हटल्यावर दुसरं काय होणार? मी फुगले. हात पदराला पुसले, गडू घेतला आणि कोंड्याच्या पोत्यामागं सरकवून ठेवला. ही पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मास्तर गेल्या श्रावणात गेले, म्हणून आज मोकळेपणी सांगते. ते होते तोवर ही गोष्ट आमच्या आवाराबाहेर जाऊ द्यायची नाही, असा मला हुकूम होता.

हुकूम एस्तेरबाईंचा. एस्तेर वाघचौरे. नगरकडच्या, मिशनच्या दवाखान्यात शिकलेल्या नर्स. उंच, वाळक्या, पांढरं जाडंभरडं लुगडं आणि छातीवर टाचलेलं घड्याळ. अंगावरून वारं गेलेली, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं घरच्यांना जड होतात, त्यांच्यासाठी आप्पासाहेब शेट्यांनी आपली तंबाखूची जुनी वखार दिली आणि बाईंना बोलावून घेतलं. बाईंनी वखार चुन्यानं दोनदा रंगवली, तरी पावसाळ्यात भिंतींना तंबाखूचा वास सुटायचाच. चौदा खाटा होत्या. गावात आम्हाला 'खाटांचं घर' म्हणायचे, आणि म्हणताना जरा लांबूनच म्हणायचे.

असं घर चालवायचं कसं, हे तेव्हा आमच्या भागात कोणाला ठाऊक होतं? कोणालाच नाही. बाईंनी सगळं पहिल्यापासून लावलं. दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायची. पाठीला बोटानं दाबून बघायचं, लाली जाते की राहते; राहिली तर तिथं जखम होणार. आणि सगळ्यांत कडक नियम खाण्याचा. माणसाला आधी ताठ बसवायचं, पाठीमागं उशी. एक चमचा पेज. मग आपलं बोट त्याच्या गळ्यावर ठेवायचं आणि घाटी, म्हणजे गळ्यातला मणी, वर जाऊन खाली आलेली कळेपर्यंत हलायचं नाही. मग त्याला 'आ' करायला लावायचं, तोंड रिकामं झालंय का बघायचं, आणि मगच दुसरा चमचा. एका वाटीला पाऊण तास लागायचा. मी एकदा घाईत बोट ठेवलं नाही, तर बाईंनी माझ्या हातातली वाटीच काढून घेतली आणि दिवसभर मला फडकी धुवायला बसवलं.

आणि पाणी नाही. ज्यांचा घसा लुळा पडला होता त्यांना साधं पाणी अजिबात नाही. जे काय पाणी जायचं ते पेजेतून, दाट करून. "पेज दमानं जाते," बाई म्हणायच्या. "पाणी पातळ असतं. घसा झाकायच्या आत ते चुकीच्या वाटेनं छातीत पळतं." हे आम्हाला कळायचं, पण पटायचं नाही. तहानलेल्याला पाणी द्यायचं नाही ही कसली सेवा, असं गावात सगळे म्हणायचे. खोटं कशाला सांगू, मीही म्हणायचे.

बाईंची आणखी एक खोड होती. त्या पेशंटशी खोटं बोलायच्या नाहीत. सुई दुखणार असेल तर "दुखेल" म्हणायच्या. दहा नंबरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, मी चालेन का हो?" तर त्या म्हणाल्या, "नाही बाबा. पण दिवाळीपर्यंत आपले आपण बसाल." म्हातारा रडला. मला इतका राग आला की त्या दिवशी मी बाईंना चहा नेऊन दिला नाही. दोन शब्द गोड बोलायला काय जात होतं? पण दिवाळीला म्हातारा बसला, हेही खरं.

मास्तरांची आई, चंद्राक्का, सात नंबरच्या खाटेवर होती. आली तेव्हा पाठीला तळहाताएवढी जखम, उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. घरात सून होती, पण तिचं तिसरं बाळंतपण. मास्तरांनी डोळ्यांत पाणी आणून आईला इथं आणलं होतं. बाईंनी चार महिन्यांत ती जखम भरून आणली. रोज सकाळी हातआरसा घेऊन त्या चंद्राक्कासमोर बसायच्या, स्वतः तोंड वेडंवाकडं करून 'आ', 'ओ', 'ई' करून दाखवायच्या. चंद्राक्का आरशात बघून नुसतं 'अं' म्हणायची. चार महिने फक्त 'अं'. मी आणि शेवंता, म्हणजे पुरुषांच्या बाजूची मावशी, पदर तोंडात धरून हसायचो. एवढी शिकलेली बाई आणि म्हातारीपुढं माकडचेष्टा करते म्हणून.

मास्तरांनी गडू दिला तो सोमवार. गुरुवारी बाई औषधं आणायला आठच्या गाडीनं कऱ्हाडला गेल्या. तीनला परत येणार होत्या. बायकांची बाजू माझ्याकडं होती.

त्या दुपारी चंद्राक्काची वेळ आली अशी माझी खात्री झाली. का झाली ते पुढं सांगते. तेव्हा ते मी कोणालाच सांगितलं नाही.

मी पोत्यामागून गडू काढला. डाख सांडशीनं उचकटला. परसातून तुळशीचं पान आणलं, धुतलं. माझ्या मनात पाप नव्हतं, हे देवाशप्पथ सांगते. उलट मला भरून आलं होतं. कोणाच्या तरी शेवटच्या घडीला आपण उपयोगी पडतोय, तेही गंगा घेऊन, असं वाटत होतं. चंद्राक्का पडून होती. मी तिला बसवलं नाही. जाणाऱ्या माणसाला कशाला उठवायचं? मान थोडी उचलली, पान जिभेवर ठेवलं आणि एक चमचा घातला. गळ्यावर बोट ठेवलं नाही. देवाच्या पाण्याला कसलं आलंय बोट, असं वाटलं. लगेच दुसरा घातला.

आधी काहीच झालं नाही. मग तिनं डोळे मोठे केले. खोकला येईना, नुसता छातीतून बुडबुड आवाज यायला लागला. तिचा डावा हात चांगला होता, त्या हातानं तिनं माझं मनगट धरलं. ओठ निळे पडत चालले. मी "राम म्हणा, आक्का, राम म्हणा" असं म्हणत होते. तिच्या हाताला इतका जोर होता की मरणाऱ्याला एवढा जोर असतो का, अशी शंका मला तेव्हाच आली. मी ती बाजूला सारली.

किती वेळ गेला ठाऊक नाही. बाई आल्या. गाडी त्या दिवशी वेळेवर आली होती. त्यांनी हातातली पिशवी तिथंच टाकली, चंद्राक्काला उशीवरून ओढून पालथं केलं, डोकं खाटेच्या खाली लोंबतं केलं आणि पाठीवर थापा मारायला लागल्या. मग कपाटातून रबरी नळी आणली. नळीचं एक टोक घशात घातलं, दुसरं टोक स्वतःच्या तोंडात धरून ओढलं आणि थुंकल्या. असं पाच-सहा वेळा केलं. चंद्राक्काला श्वास आला. निळे ओठ फिके झाले.

बाईंनी थुंकायच्या तसराळ्यात पाहिलं. त्यात तुळशीचं पान होतं.

त्यांनी त्यावर कापूस टाकला. माझ्याकडं वळून विचारलं, "कोणी दिलं?"

"मला काय ठावं न्हाई, बाई."

त्यांनी परत विचारलं नाही. तोंड धुवायला गेल्या.

रात्री चंद्राक्काला ताप भरला. शुक्रवार, शनिवार दोन्ही दिवस ती धापा टाकत होती. ते मला आजही सांगवत नाही. प्रत्येक श्वासाला बरगड्या आत जायच्या. बाई तीन दिवस झोपल्या नाहीत; सुया दिल्या, वाफ दिली, छाती थापटली. मी शेजारी उभी राहून सांगतील ते देत होते. गरम पाणी, कापूस, टॉवेल. आमच्यात एक शब्द जास्तीचा झाला नाही. मला सारखं वाटायचं, आता विचारतील, आता विचारतील, आणि विचारलं तर मी सांगून टाकीन. त्यांनी विचारलं नाही. रविवारी सकाळी नऊच्या सुमारास चंद्राक्का गेली.

मास्तर गुरुवारपासून शाळेच्या कामानं परगावी होते, निरोप मिळाला तसे धावत आले. आईच्या पायावर डोकं ठेवून रडले. मग मला पडवीत गाठलं.

"पाणी मिळालं का तिला?"

'हो' म्हटलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण बाई आत होत्या, ते पान पाहिलेल्या. मी 'हो' म्हणायचं, मास्तर बाईंना जाऊन विचारणार, आणि मग मी रस्त्यावर. माहेर बंद, सासर बंद. माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"बाईंनी गडवाला हात लावू दिला न्हाई."

मास्तरांनी दारातून आत बघितलं. बाई चंद्राक्काचे केस नीट करत होत्या.

दहाव्या दिवशी नदीवर पिंडाला कावळा शिवेना. सकाळपासून अकरापर्यंत माणसं ताटकळली. मास्तर हात जोडून सांगत होते, धाकटीचं लग्न करीन, तुझ्या माहेरच्या देवीला जाऊन येईन, शेताचा वाद मिटवीन. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, खाली येत नव्हते. मग कोणीतरी म्हणालं, म्हातारी तहानलेली गेली. झालं. पिंड तसेच ठेवून, दोघांना राखण बसवून मंडळी थेट खाटांच्या घराकडं आली. पुढं मास्तर, डोकं भादरलेलं, ओलं धोतर. मागं दहा-पंधरा माणसं. आणि वाटेत बोलावून घेतलेले आप्पासाहेब शेटे.

वखारीच्या ओट्यावर सगळे जमले. बाई हात पुसत बाहेर आल्या. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. आतल्या चौदातल्या तेरा खाटांवरची माणसं कान देऊन पडली होती.

आप्पासाहेब सभ्य माणूस. ते म्हणाले, "बाई, तुमच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. पण मरणाऱ्याच्या तोंडचं पाणी अडवायचं, हे आमच्यात फार मोठं पाप. मास्तरांची आई तशी गेली, असं ते म्हणतात. खरं आहे?"

"चंद्राक्का गुरुवारी सकाळी मरत नव्हत्या," बाई म्हणाल्या.

"मग रविवारी गेल्या कशा?"

"छातीत न्यूमोनिया झाला."

"कशानं झाला?"

बाई पदराला परत हात पुसू लागल्या. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"मी एवढंच विचारतो," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "माझ्या आईला तुम्ही पाणी नाकारलंत की नाही?"

"मी इथं आल्यापासून पाणी नाकारते. ज्यांना गिळता येत नाही त्या सगळ्यांना."

मागून कोणीतरी म्हणालं, "ह्यांना गंगेचं काय कौतुक? ह्यांचा देव वेगळा."

आप्पासाहेबांनी त्याला हातानं गप्प केलं, पण मान खाली घालून म्हणाले, "बाई, मला वाईट वाटतं. पण लोकांचा विश्वास उडाला तर हे घर चालायचं नाही. तुम्ही दुपारच्या गाडीनं जावं, हे बरं."

तीन वर्षं त्या बाईनं त्या वखारीत हाडं झिजवली होती. त्या गेल्या असत्या तर आठवड्यात आम्ही पाठी तपासणं सोडलं असतं, मग कूस बदलणं सोडलं असतं. मला ते लख्ख दिसलं. आणि हे सगळं माझ्या एका वाक्यानं झालं होतं. मी आत गेले, कोंड्याच्या पोत्यामागून गडू काढला आणि ओट्यावर आणून ठेवला. डाख फुटलेला सगळ्यांना दिसला.

"मी पाणी दिलं," मी म्हटलं. "गुरुवारी. दोन चमचे. तुळशीचं पान पण ठेवलं. बाई कऱ्हाडला गेल्या हुत्या. मी भ्याले आणि खोटं बोलले. बाईंनी काय अडवलं न्हाई."

मला वाटलं, आता मारतील. मास्तर दोन पावलं पुढं आले, खाली वाकले आणि त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"तू माझ्या आईचं सोनं केलंस," ते म्हणाले. त्यांचं भादरलेलं डोकं माझ्या पायाला लागत होतं आणि ते हमसून रडत होते. "तू माझी बहीण आहेस." मंडळींमध्ये बायका नव्हत्या, पण पुरुषांचेही डोळे ओले झाले. आप्पासाहेब म्हणाले, "वा, पोरी."

अशी शिक्षा मी कोणाला झालेली पाहिली नाही. मी तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं, मास्तर, उठा, त्याच पाण्यानं तिचा घात केला, तीन दिवस ती कशी तडफडली ते तुम्ही पाहिलं नाहीत. "पर मास्तर, ती—" एवढंच मी बोलले.

"यमुने," बाई म्हणाल्या, "गप्प बस."

मास्तरांनी डोकं वर केलं. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. एकच सांगा. पाणी पोटात गेलं ना? तिच्या पोटात गंगा गेली ना?"

त्या बाईनं दहा नंबरच्या म्हाताऱ्यालासुद्धा 'चालाल' असं खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी मास्तरांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "गेली."

मास्तर उठले. त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा निवळला. आप्पासाहेबांनाही उत्साह आला. "मग असं करू," ते म्हणाले. "आजपासून प्रत्येक खाटेपाशी गंगेचा एकेक गडू. ही यमुना देत जाईल. गडू मी आणवतो."

"गडू येणार असतील तर मी दुपारच्या गाडीनं जाते," बाई म्हणाल्या. "तुम्ही जा म्हणायची गरज नाही."

"अहो, पण आत्ताच तुम्ही म्हणालात—"

"ह्या एका वेळेचं मी सांगितलं. बाकीच्या तेरांचं मी सांगत नाही. त्यांच्यातल्या सहा जणांचा घसा लुळा आहे. त्यांच्या तोंडात चमचाभर पाणी गेलं तर ते छातीत जाईल. तुम्हाला ओठ ओले करायचे असतील तर करा. कापसाचा बोळा, पिळून घेतलेला. तोंडात थेंब जायचा नाही. हे कबूल असेल तर मी राहते."

शेवटी मास्तरच म्हणाले, "ओठांना लागली तरी गंगा गंगाच. आप्पासाहेब, बाईंना राहू द्या." त्यांच्या शब्दाला त्या दिवशी वजन होतं. ठरलं. मंडळी परत नदीवर गेली. तासाभरानं निरोप आला की मास्तरांनी 'आई, तुला पाणी मिळालं गं' एवढं म्हटलं आणि कावळा शिवला. शेवंतानं मला मिठी मारली. मी पडवीत जाऊन ओकले.

संध्याकाळी बाईंनी मला औषधाच्या खोलीत बोलावलं. दार लावलं.

"पाणी कुठं गेलं?"

"बाई, माफ करा मला."

"माफीचं मी विचारत नाही. कुठं गेलं?"

"छातीत."

"त्या कशानं गेल्या?"

"माझ्या हातानं."

"गडू मास्तरांनी दिला होता हे मला त्या पानावरून कळलं. तसलं धाडस तुझं तुला व्हायचं नाही. आपण आईला मारायला पाणी धाडलं, हे घेऊन त्यांनी जगायचं काही कारण नाही. त्यांना कधी कळता कामा नये. आवाराबाहेर ही गोष्ट जाणार नाही." मग त्या थांबल्या. "तुझी गोष्ट वेगळी. उद्या नवी मावशी येतेय, हिराबाई म्हणून. तिला भरवायला तू शिकवायचंस. आणि आधी हे सांगायचंस, चंद्राक्काचं नाव घेऊन. पुढं जी जी नवी येईल तिला तूच सांगायचंस."

"त्यापरीस मला काढून टाका, बाई."

"काढून टाकलं तर सांगणार कोण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाई आली. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी, तीन बाळंतपणं केलेली, उसाच्या फडात राबलेली बाई. सात नंबरची खाट रिकामी होती. तिच्या कडेला आम्ही दोघी उभ्या राहिलो. बाई दारात औषधाच्या बाटल्या पुसत होत्या. मी सांगायला सुरुवात केली. गडू सांगितला, पान सांगितलं, बोट ठेवलं नाही ते सांगितलं, निळे ओठ सांगितले. हिराबाई ऐकता ऐकता खाली बसली. मला वाटलं आता संपलं.

पण हिराबाई संसार केलेली बाई. तिनं विचारलं, "पर काय गं, म्हातारी तशी बरी हुती म्हणतीस. मग येळ आली असं तुला वाटलं कशानं?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. बाईंनीसुद्धा नाही.

"ती बोलली," मी म्हटलं.

दारात बाटली पुसायचा आवाज थांबला.

"मी तिची वेणी घालायला बसले हुते," मी सांगितलं. "फणी खाली पडली. तिनं डावा हात पुढं केला आणि म्हणाली, 'फणी.' चार महिने नुसतं 'अं' करणारी म्हातारी. मी म्हटलं, काय आक्का? तर परत म्हणाली, 'फणी दे.' आणि हसली. मला काटा आला. इझायच्या आधी दिवा मोठा हुतो, म्हणत्यात ना? आमची आजी पण तशीच शेवटच्या दिवशी उठून बसली हुती. मी म्हटलं, आता हिचं काय खरं न्हाई. आणि पोत्यामागं गेले."

बाई आत आल्या. हातात बाटली आणि फडकं तसंच होतं. त्या सात नंबरच्या खाटेवर बसल्या. पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही, हा त्यांचाच नियम.

"काय म्हणाल्या?" त्यांनी विचारलं. "नीट सांग."

"फणी. मग फणी दे."

"'फ' स्पष्ट होता?"

"स्पष्ट, बाई."

"दोन शब्द," बाई म्हणाल्या. "आधी एक, मग दोन."

चेहऱ्यावर काही नव्हतं, पण फडक्याची बोटांनी चिंधी करत होत्या. हिराबाईनं मला खुणेनं विचारलं, काय झालं? मला तेव्हा कळलं होतं, की आरसा घेऊन चार महिने त्या बाईनं जे मागितलं ते त्या गुरुवारी आलं होतं. त्या ते ऐकायला तिथं नव्हत्या. मी होते. आणि ऐकल्या ऐकल्या मी तिला मारायला उठले होते.

मग बाई उठल्या. चादरीवर बसल्याची वळी त्यांनी हातानं सरळ केली.

"हेसुद्धा सांगत जा," त्या म्हणाल्या. "ह्याच्याशिवाय ती गोष्ट अर्धी आहे. आता हिराबाईला चार नंबरला घेऊन जा आणि पेज कशी भरवायची ते दाखव."

मी चार नंबरच्या म्हातारीला ताठ बसवलं, पाठीमागं उशी लावली. एक चमचा घातला. हिराबाईचं बोट धरून म्हातारीच्या गळ्यावर ठेवलं आणि म्हटलं, "थांब. घाटी हलू दे."